डावा थोडा वाढवा

काल दुपारी माझ्या बायकोनं, सुनंदानं, हॉलमधला पंखा बंद केला आणि परत लावायची आठवण कुणालाच झाली नाही. आमच्या घरात हिवाळा असा येतो. कॅलेंडर काहीही म्हणो, स्वेटर कपाटातून निघोत न निघोत, पंखा थांबला की माझ्यापुरती थंडी पडली. पात्यांची घरघर गेली की घर एकदम मोठं वाटायला लागतं. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं. सुनंदा स्वयंपाकघरात मेथी निवडत असली तर काडी मोडल्याचा आवाज हॉलपर्यंत येतो. समोरच्या घरातली म्हातारी खोकली तर त्या आवाजावरून कळतं की आज तिला कालच्यापेक्षा बरं आहे.

बाहेरगावच्या माणसाला हे सांगून कळत नाही. आमच्या संभाजीनगरात मार्चपासून कूलर गरजायला लागतात ते पाऊस नीट लागेपर्यंत. वाळ्याचा वास, पाण्याची टपटप आणि मोटरचा गोंगाट. माणसं घरातल्या घरात ओरडून बोलतात, आणि कूलर बंद केल्यावरही बरेच दिवस तशीच ओरडत राहतात. मग पंखे, ते दिवाळी उलटेपर्यंत. म्हणजे ज्याला नीट काही ऐकायचंय त्याच्या वाट्याला येऊन-जाऊन दोन-अडीच महिने. पेरू, बोरं, तुरीच्या शेंगा आणि गाणं, हे सगळं आमच्याकडं एकाच हंगामात पिकतं.

हा हंगाम मला फार आवडायचा. ‘आवडायचा’ असं लिहिताना हात अडखळला, पण खोटं कशाला लिहू? आता पंखा बंद झाला की नकोसं होतं. हॉलच्या त्या भिंतीशी ते दोघे स्पीकर उभे आहेत, शिसवी रंगाचे, कमरेएवढे उंच, देखणे. त्यांच्याकडं बघितलं की मला विलास आठवतो, आणि विलास आठवला की डोकं फिरतं.

विलास माझा कॉलेजपासूनचा मित्र. पैठणचा. शनिवारी एसटीनं गावी जायचा आणि सोमवारी डब्यात धपाटे घेऊन यायचा. होस्टेलवर माझ्याकडं मामानं दिलेला टू-इन-वन होता. एकदा मी कॅसेट लावली, हा कॉटवर पडून डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "तंबोरा उतरलाय रे. शेवटी शेवटी लईच उतरलाय." आम्हा बाकीच्यांना तंबोरा वाजतोय हेच मुळात कळलं नव्हतं. मी त्याच संध्याकाळी खोल्याखोल्यांतून सांगत सुटलो की आपल्यात एक कानसेन आलाय. ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. पुढं नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, केस पिकले, पण शहरात कुठं गाणं असलं की विलासला बोलावून पुढं बसवायचे. तो ऐकायचा आणि मी त्याच्याकडं बघायचो. त्यानं मान हलवली की मलाही गाणं आवडायचं. यात मला कधी कमीपणा वाटला नाही. एखाद्याकडं डोळे चांगले असतात, तो लांबून एसटीची पाटी वाचून दाखवतो, तसं हे.

मी पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होतो. आयुष्य कॅनॉलच्या कडेला, जीपच्या आवाजात गेलं. निवृत्त झालो तेव्हा एकच इच्छा होती. मरायच्या आत एकदा तरी गाणं जसं गायलं गेलं तसं आपल्या घरात, आपल्या खुर्चीत बसून ऐकायचं. मुलगी म्हणाली, बाबा ऑनलाइन मागवा. मी म्हणालो, छे! ऐकल्याशिवाय स्पीकर घ्यायचा म्हणजे न बघता पोरगी देण्यासारखं झालं. तिनं डोळे वटारले तेव्हा विषय बदलला.

मग विलासनं झुबेरला शोधून काढलं. शहागंजात त्याच्या आजोबांचं रेडिओचं दुकान होतं. हा चाळिशीतला, अत्तर लावून फिरणारा, बोलायला बसला की उठायचं नाव न घेणारा माणूस. हर्सूलच्या पुढं त्यानं शेड टाकलीय आणि तिथं गिऱ्हाईक मागेल तसे स्पीकर बनवून देतो. पहिल्याच भेटीत म्हणाला, "सर, रेडीमेड तो कोई भी लेता. आपल्याकडं लाकूड तुमच्या पसंतीचं, कापड तुमच्या पसंतीचं, आवाज भी तुमच्या पसंतीचा. बोलो, कैसा होना?" असा प्रश्न मला उभ्या जन्मात कुणी विचारला नव्हता. कैसा होना! मी विलासकडं बघितलं.

काय दिवस होते ते! आठवड्यातून एकदा तरी आम्ही हर्सूलला जायचो. तळ्यावरून गार वारा यायचा. शेडच्या मागं ज्वारी उभी होती, झुबेरचा शेजारी आगटी पेटवून हुरडा भाजायचा आणि आम्ही तळहातावर चोळून फुंकत खायचो. आत लाकडाचा भुसा, सरस आणि पॉलिशचा वास. लाकडाचे नमुने टेबलावर मांडलेले, सागवानी, अक्रोडी, शिसवी. मी एकेक उन्हात नेऊन बघायचो. सुनंदा एकदा आली आणि म्हणाली, समोरच्या जाळीला हिमरूचं, वेलबुट्टीचं कापड लावा, घरात शोभून दिसेल. झुबेरनं कपाळावर हात मारला. "भाभी, इतनं जाड कापड लावलं तर गाणारा आतच गुदमरेल." ती रुसली. मग तिच्या पसंतीचा राखाडी रंग घेतला, तरी महिनाभर ऐकवत होती की मला कोण विचारतंय.

वरचे बारीक सूर ज्यातून येतात त्या छोट्या स्पीकरचा पडदा रेशमी घ्यायचा की धातूचा, यावर दोन आठवडे गेले. विलासनं दोन्ही ऐकले, परत ऐकले, बाहेर जाऊन पाणी पिऊन आला, परत ऐकले. "धातूचा झणझणतोय. तार वाजल्यावर मागं रेंगाळतोय. रेशमी घे." झुबेर खूश झाला. "सर के कान मानना पडेगा!" आणि मला असा अभिमान वाटला की जणू माझ्याच पोरानं बोर्डात नंबर काढलाय. हे मुद्दाम लिहितोय, कारण तेव्हा तो बरोबर होता. आजही तो रेशमी पडदा ऐकताना मला ते पटतं, आणि पटतं म्हणूनच जास्त संताप येतो. सगळंच थोतांड असतं तर सोपं झालं असतं.

स्पीकर घरी आले तो दिवस. त्या दोन पेट्यांच्या आत प्रत्येकीचा वेगळा अँप्लिफायर आहे. खोली बघून, बसायची जागा बघून झुबेर मागून आवाज कमीजास्त करतो आणि मग ते कायमचं पक्कं करून टाकतो. शेजारपाजारचे चार लोक आले होते, सुनंदानं पोहे केले होते, विलास मधल्या खुर्चीत. गाणं सुरू झालं. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत. तो डोळे मिटून बसला, भुवया आक्रसल्या आणि म्हणाला, "डावीकडं कमी येतंय."

झुबेर म्हणाला, "सर, मीटर लावून दोन्ही बराबर केलेत."

"मीटर गाणं ऐकतो व्हय?" विलास म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो. "डावा थोडा वाढवा."

झुबेरनं वाढवला. "अजून थोडा." परत वाढवला. मग त्यानं माझ्याकडं बघितलं, कारण घर माझं होतं. मला खरं सांगायचं तर आधीच दोन्ही सारखे वाटत होते आणि आता डावा अंगावर येत होता. पण विलासनं मान हलवली होती. "विलास म्हणतो तसं करा," मी म्हणालो. "जैसी आपकी मर्जी," म्हणून झुबेरनं ते पक्कं केलं आणि मागची फळी स्क्रूनं बंद केली.

मग सगळा हिवाळा मी त्या खुर्चीत बसून ऐकलं. बाहेर ऊन कोवळं, हातात चहा, घरात चिडीचूप शांतता, जे मागितलं ते सगळं मिळालेलं. आणि गाणं मात्र एका बाजूला कललेलं. गाणारी बाई सारखी डाव्या भिंतीला टेकून गायची. मी खुर्ची सरकवली. सोफा हलवला. डावीकडं जाड पडदा लावला. मान वाकडी करून ऐकायची सवय लागली, मानेला तेल चोळायची वेळ आली. सुनंदानंही एकदा विचारलं, "इकडंच जास्त का हो वाजतंय?" तिला गाण्यातलं काय कळतं, म्हणून मी ते सोडून दिलं. मला वाटलं, माझा उजवा कान चाललाय. विलासला दोन्हीकडून सारखं ऐकू येतंय आणि मला येत नाही, म्हणजे दुसरं काय असणार?

कुणाला न सांगता कानाच्या डॉक्टरकडं गेलो. त्या काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसलो तेव्हा डोक्यात एकच होतं. एवढ्या हौसेनं स्पीकर करून घेतले आणि ऐकायला कानच उरले नाहीत तर? डॉक्टर म्हणाले, "काका, दोन्ही कान ठणठणीत आहेत. या वयात असे कान फार कमी बघायला मिळतात." मी घरी येऊन विलासला फोन केला आणि सगळं सांगितलं. त्यानं आधी डॉक्टरचं नाव विचारलं. मग म्हणाला, "सवय होईल रे. खरा आवाज पचायला वेळ लागतो."

हे वाक्य मी विसरत नाही. बाकी सगळं एकवेळ पोटात घालीन, हे घालणार नाही.

माघात त्याच्या पुतणीचं लग्न होतं, पैठणला. मी गाडी काढली, विलास शेजारी बसला. मांडवात बँडवाल्यांनी नुसता धुरळा उडवला होता. पंगतीत वांग्याची भाजी आणि गरम बुंदी. विलासचे थोरले भाऊ, दत्ताअण्णा, आग्रह करत फिरत होते. ते विलासच्या डाव्या बाजूला उभे राहून दोनदा काहीतरी म्हणाले, यानं वरही बघितलं नाही. अण्णा वैतागून उजवीकडं आले आणि हसत मला म्हणाले, "याच्याशी बोलायचं तर या अंगानं बोलावं लागतं बघा. डावा तर लहानपणीच गेलाय. गालगुंड झालं होतं ना, दुसरीत असताना. तुम्हाला ठाऊक नाय व्हय?"

मी म्हणालो, "नाही." अण्णांनी माझ्या पानात बुंदी वाढली आणि पुढं गेले.

बुंदी हातात तशीच राहिली. मी विलासकडं बघितलं. त्यानं ऐकलं होतं, तो उजवा कान होता. तो खाली मान घालून जेवत राहिला. आणि मला एकेक दिसायला लागलं. मैफलीत हा कायम माझ्या डाव्या हाताला का बसायचा. फोन नेहमी एकाच कानाला का. स्वतःची गाडी असून, "तूच चालव, मला आवडतं शेजारी बसायला," असं म्हणून मलाच का चालवायला लावायचा. मी ते प्रेम समजत होतो.

परतताना पैठण रोड लागला. दोन्ही बाजूंना ऊस, ट्रॅक्टर, मधूनच गुऱ्हाळाचा गोड वास. शेवटी मीच तोंड उघडलं. "कधी सांगणार होतास?"

"काय सांगायचं?" तो म्हणाला. "होस्टेलवर कुणी मारामारीत पुढं, कुणाच्या बापाची जमीन, तू तर मेरिटचा. माझ्याकडं काय होतं? तूच सगळ्यांना सांगत सुटलास, याचा कान बघा म्हणून. मग मी काय म्हणणार होतो, एकच आहे?"

"आणि डावा का वाढवायला लावलास? तुला माहीत होतं ना, तुझाच कान नाही म्हणून?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. "सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. बरंय, सारखंच आहे, असं म्हणून उठलो असतो तर तूच म्हणाला असतास, आज विलास काही बोलला नाही. काहीतरी काढावं लागतं रे. लोकं त्यासाठीच बोलावतात."

"मी डॉक्टरकडं जाऊन आलो! मला वाटलं मी बहिरा झालो. तेव्हा तरी?"

त्यानं खिडकीची काच वर केली. मी गाडी बाजूला घेतली. मला त्याला खाली उतरवून निघून जावंसं वाटलं. लबाड, मी म्हणालो. त्याच्या तोंडावर म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा.

मग मला ती ठुमरी आठवली. होस्टेलपासून आम्ही एक ठुमरी ऐकत आलोय. कॅसेट झिजली तशी दुसऱ्या कॅसेटवर, मग सीडीवर, असं करत जपली. त्या टू-इन-वनसमोर बसून विलासनं मला ऐकायला शिकवलं होतं. "डोळे मिट. सारंगी बघ, उजवीकडं बसलीय. तबला डावीकडं. आता बाई मधे. दिसलं?" आणि मला दिसलं होतं. खोलीच्या त्या पोपडे आलेल्या भिंतीवर अख्खी मैफल दिसली होती. गाणं म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. तिथून पुढं जे काही ऐकलं ते तसंच ऐकलं.

मी विचारलं, "एका कानानं डावं-उजवं कळतच नाही. मग सारंगी उजवीकडं हे तुला कसं कळायचं?"

तो कसंनुसं हसला. "मैफलीत बसतात ना तसे. तबलजी समोरून बघितलं तर डावीकडं, सारंगीवाला उजवीकडं. डोळ्यांनी बघितलेलं सांगत होतो. मला वाटायचं, तुम्हा लोकांना तसंच ऐकू येत असणार."

त्याला त्याच्या घरापाशी सोडलं. त्यानं चहाला वर चल म्हटलं नाही, मीही थांबलो नाही. त्यानंतर तो आलेला नाही. मी बोलावलेलंही नाही. सुनंदा म्हणते, जाऊ द्या हो, बिचारा एवढी वर्षं मनात घेऊन बसला होता. बिचारा! एवढी वर्षं दगा दिला तो बिचारा, आणि मी कोण? माणूस पैसे खातो, जमीन खातो, ते समजतं. यानं माझं ऐकणं खाल्लं. कुठला राग मला आवडतो, कुठली गाणारी मला रडवते, यातलं माझं किती आणि त्याच्या मानेचं किती, हे आता कोण सांगणार? आणि त्याच वेळी हेही खरं की पेरूवाला दारात आला की मी दोन जास्तीचे घेतो, कारण विलासला कडक पेरू आवडतो. मग ते फ्रिजमध्ये पडून राहतात आणि मी स्वतःवरच चिडतो.

झुबेरला बोलावून डावा परत खाली आणून घेतला. त्यानं फळी उघडली, मीटर लावला, पुढच्या गिऱ्हाइकाच्या गोष्टी सांगत काम उरकलं आणि गेला. पण तोवर शिवरात्र होऊन गेली होती, पंखे लागले होते. मग कूलर, मग पाऊस, मग परत पंखे. दुरुस्त झालेले ते स्पीकर शांततेत मी ऐकलेच नव्हते. काल पंखा बंद झाला.

थोडा वेळ नुसताच बसलो. मग तीच ठुमरी लावली. दुसरं काही लावायचं धाडस झालं नाही. मला एकच गोष्ट बघायची होती. विलास डोळ्यांनी बघून सांगत होता, ठीक आहे. पण मी? माझे कान दोन्ही धडधाकट आहेत, डॉक्टरांनी सांगितलंय. मी तर कानांनी ऐकलं होतं ना?

डोळे मिटले. बाई मधे उभी राहिली, आता भिंतीला टेकलेली नव्हती. तबला डावीकडं. आणि सारंगी, स्वच्छ, गज ओढल्याचा आवाज ऐकू यावा इतकी जवळ, उजवीकडं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, चला, एवढं तरी माझं आहे. त्यानं अंदाजानं सांगितलं असेल, पण मी खरंच ऐकलं होतं.

मी सुनंदाला हाक मारली. ती मेथीच्या हातानंच आली. तिला खुर्चीत बसवलं. "डोळे मिट. सारंगी कुठं वाजतेय सांग."

"कुठं म्हणजे?"

"डावीकडं की उजवीकडं?"

तिनं खरंच मन लावून ऐकलं. मग म्हणाली, "मधोमध. सगळेच मधोमध आहेत. एकाच्या मांडीवर एक बसल्यासारखे."

"नीट ऐक."

"ऐकलं की हो. दोन्हीकडून सारखंच येतंय."

मी उठलो. उजव्या स्पीकरच्या जाळीला कान लावला. सारंगी होती, तबलाही होता, बाईही होती. डाव्याला लावला. तेच, तेवढंच, तंतोतंत. जुनं रेकॉर्डिंग, सगळ्यांनी एकाच माइकभोवती बसून केलेलं. दोन पेट्या लावा नाहीतर दहा, प्रत्येकीतून तेच येणार. त्यात डावं-उजवं नाही. होस्टेलवरही नव्हतं.

सुनंदा आत गेली. मी खुर्चीत येऊन बसलो. आता सगळं माहीत होतं. मनाशी म्हटलं, आता मधे ऐकायचं, जसं आहे तसं. डोळे मिटले.

सारंगी उजवीकडंच वाजत होती.